साहेबाचं अर्धं राह्यलं

आमच्या घरात ढोलाला हात लावायची मला बंदी होती. मलाच काय, मायलाही होती. बाबाचा ढोल शिवणीच्या खोडाचा, दोन्ही तोंडांना बकऱ्याचं कातडं. चुलीच्या वर तो आढ्याला टांगलेला असायचा, म्हणजे धुरानं त्याला कीड लागत नसे. पावसाळ्यात आमच्या अंगावर गळायचं, ढोलावर कधी नाही, कारण तिथली कवेलू, म्हणजे छपराची कौलं, बाबा सगळ्यात आधी फिरवून घ्यायचा. मधूनमधून तो ढोल खाली काढायचा आणि मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल त्याला चोळत बसायचा. माय भात कांडता कांडता म्हणायची, "चोळ, चोळ! माह्या डोक्शाले कई येवढं तेल नाई लावलं तुनं." बाबा हसायचा आणि आणखी चोळायचा. ती ढोलाला सवतच म्हणायची. "तुह्या बायकोले खाली काढ, मले चूल सारवाची हाय," असं खुशाल सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडायची. हे बोलणं अर्थात गोंडीत व्हायचं. मी ते इथं झाडीबोलीत लिहिते आहे, कारण पुढं नर्सबाई होऊन जन्मभर बायांची बाळंतपणं केली ती याच बोलीत, आणि आता मला रागसुद्धा याच बोलीत येतो.

आमचा कोसमटोला चामोर्शीच्या पलीकडं, जंगलाच्या आत. घराघरातून सकाळी मुसळांचा आवाज यायचा, आणि कोणाचं मुसळ जोरात पडतं आहे यावरून त्या घरात रात्री भांडण झालं होतं की नाही हे माय बसल्या जागी सांगायची. खायला अंबाडी घातलेली आंबील, तिच्याबरोबर भाजलेली सुकी मासोळी, मोहाच्या दिवसांत मोहफुलं उकडून. बाबा शेतात काम करायचा, जंगलात डिंक गोळा करायचा, पण गावात त्याची ओळख ढोलवाला चैतू हीच. लग्नाला वेगळा ठेका, बी पेरताना वेगळा, आणि मरणाचा तर अगदी वेगळा. त्याचा एक कायदा होता. घरच्या पुरुषांशिवाय कोणी त्या ढोलाला हात लावायचा नाही, आणि चुकून ज्याच्या हातानं तो वाजला, तो त्या क्षणापासून आमच्या घरचा. त्याला आमचं लग्न लागतं, आमचं सुतक लागतं, सगळंच लागतं.

मरणाचा ठेका मला इथं नीट सांगितला पाहिजे, नाही तर पुढचं काहीच कळायचं नाही. आमच्यात माणूस मेलं की ढोल निघतो. आधी संथ वाजतो, कारण जीव घरातून निघालेला असतो पण पाय निघत नसतो, मागं वळून बघत असतो. मग ठेका चढत जातो, फार जलद होतो, कारण आता जीव आपल्या जुन्या माणसांकडं पळत सुटलेला असतो. त्या जलद भागात आम्ही नाचतो. हो, नाचतो, बाया गातात, मोहाची दारू जमिनीवर शिंपडतात. त्यानंतर नाल्यावर जायचं, मेलेल्याला नावानं हाक मारायची, आणि पाण्यात घातलेल्या हातात पहिलं जे जिवंत लागेल, मासोळी म्हणा, खेकडा म्हणा, ते गडग्यात, म्हणजे लहान मडक्यात, घालून घरी आणायचं. तोच तो माणूस. एक रात्र त्याला देवाजवळ ठेवून जेवू घालायचं आणि सकाळी परत पाण्यात सोडायचं. ज्याचा ढोल मधेच तुटला तो वाटेत अडकतो, ना इथला राहतो ना तिथला होतो. बाबा वाघाला भीत नव्हता, जंगलखात्याच्या माणसाला थोडासा भ्यायचा, पण या गोष्टीला तो फार भ्यायचा.

आता साहेब. त्यांचं नाव मी लिहीत नाही, देशात असा एकही माणूस नव्हता ज्याला ते ठाऊक नव्हतं. ते एकदा आमच्या भागात सभेला आले होते. असा कोणी मोठा माणूस यायचा असला की गुलाबभाऊचा ट्रक आमच्या गावात शिरायचा. गुलाबभाऊ म्हणजे आठवडी बाजाराच्या गावचा व्यापारी. आमचं मोहफूल, डिंक, हिरडा तोच विकत घ्यायचा, आणि साहेबांच्या पक्षाचा तिथला पुढारीही तोच. त्या बाजाराच्या गावाला आम्ही नुसतं 'बाजार' म्हणायचो. "चला गा, तुरे खोचा, ढोल घ्या, साहेबाचं स्वागत कराचं हाय," की झाले आमचे लोक ट्रकमध्ये उभे. मीही गेले होते, बायांच्या रांगेत नाचायला. साहेब हेलिकॉप्टरातून उतरले, आमच्याकडं बघून हसले आणि कोणाला काही कळायच्या आत त्यांनी बाबाच्या गळ्यातून ढोल काढून आपल्या गळ्यात घातला. फोटोवाले धावले. साहेब वाजवायला लागले, आणि काय वाजवलं म्हणता! सुपात धान पाखडावं तसा आवाज. आम्ही बाया तोंडाला पदर लावून हसत होतो. बाबाला ते सहन होईना. त्यानं सरळ देशाच्या मोठ्या साहेबाचं मनगट धरलं, हात कातडाच्या मधून कडेला सरकवला आणि म्हणाला, "इथी नाई. इथी." बंदुकवाले पुढं आले, पण साहेबांनी त्यांना थांबवलं, बाबानं दाखवलं तिथं थाप मारली, आणि ढोल चक्क बोलला. साहेबांनी बाबाचं नाव विचारलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मंडपाकडं गेले.

परत येताना ट्रकमध्ये बाबाचा धाकटा भाऊ, माझा लालसू काका, त्याला चिडवत होता. "झाला आता थो आपल्या घरचा. लग्नाले बोलाव त्याले. आन् मरंल तं ढोल बी तुलेच वाजवा लागन." सगळे हसले. बाबा हसला नाही. तो म्हणाला, "लागन तं वाजवीन."

ते मारले गेले तेव्हा तेंदूपत्त्याचे दिवस होते. पहाटे जंगलात जाऊन पानं तोडायची, दुपारी सावलीत बसून पुडके बांधायचे आणि उन्हं कलली की फळीवर, म्हणजे ठेकेदाराचा मुन्शी पानं घेतो त्या मोकळ्या जागी, नेऊन मांडायचे. त्या संध्याकाळी मुन्शीच्या रेडिओवर गाणी नव्हती, नुसतं एक तंतुवाद्य रडत होतं. मुन्शी डोक्याला हात लावून बसला होता. बाबानं विचारलं, "काऊन जी, का झालं?" तो म्हणाला, "साहेबाले मारलं बापा." "कोन्या साहेबाले?" "तुह्या ढोलवाल्या साहेबाले." बाबा डोक्यावरचा भारा खाली न ठेवता तसाच उभा राहिला. शेवटी मायनं तो उतरवून घेतला.

आम्ही तिथं असतानाच एक जीप आली. दंडाला काळ्या फिती बांधलेले बाजारचे पोट्टे उतरले. त्यांचे डोळे लाल होते, एक तर खरंच हुंदके देत होता. आणि हुंदके देता देताच त्यानं मुन्शीच्या कानाखाली मारली. "देश रडून राह्यला आन् तुमी पत्ता तोलून राह्यले काय बे?" बाकीच्यांनी लाथा मारून पुडके उधळले आणि वाळलेल्या पानांच्या ढिगाला काडी लावली. उन्हाळ्यातला पत्ता तो, क्षणात भडकला. आमचे आठवडाभराचे हात त्यात जळत होते आणि तो रडणारा पोट्टा आगीपुढं उभा राहून साहेबांच्या नावाच्या घोषणा देत होता. जाताना ते मुन्शीला सांगून गेले की बाजाराच्या दिवशी शाळेच्या मैदानात शोकसभा आहे, गुलाबभाऊचा निरोप आहे, गावोगावच्या लोकांनी यायचं, आणि साहेबाला मानत नसेल त्यानं खुशाल घरी बसावं, त्याला मग बघून घेऊ.

घरी त्या रात्री कोणी धड जेवलं नाही. लालसू काका म्हणाला, "त्याईचा मानूस हाय, त्याईचं थे करतीन. आपल्याले का कराचं?" बाबा म्हणाला, "रेडिओ आयकला ना तुनं? समदे रडूनच राह्यले. ढोल कोनीच नाई वाजवून राह्यला. येवढा मोठा मानूस, त्यात मारलेला, आन् त्याले ढोल नाई." माय म्हणाली, "मंग आपल्या दारात वाजव ना. बाजारात काऊन जातं?" बाबा म्हणाला, "जिथी मयताची मानसं जमतेत, तिथीच ढोल. बोलावलं त्याईनं. गुलाबभाऊनं सोता बोलावलं." मायनं मग दारूचं मडकं पुसायला घेतलं. मलाही बाबाचं अगदी बरोबर वाटलं, आणि आजही वाटतं. बोलावलं होतं, आम्ही गेलो. या एका गोष्टीबद्दल अजून कोणी मला शहाणपण शिकवायला आलं की मी त्याला चहासुद्धा विचारत नाही.

बाजाराच्या दिवशी आम्ही पायी निघालो, कारण या वेळी ट्रक आला नव्हता. पुढं बाबा, काका आणि गावातले आणखी ढोलवाले, डोक्याला मोरपिसांचे तुरे. मागं आम्ही बाया, मायच्या डोक्यावर मोहाच्या दारूचं मडकं. रस्त्यावर एक बस जळून काळी पडलेली, टायरचा घाण वास. बाजारात पालं फाडलेली. मिरच्यांचं पोतं कोणी रस्त्यावर रिकामं केलं होतं, त्याच्या ठसक्यानं सगळे खोकत होते. ढिवर समाजाची एक म्हातारी नेहमी वडाखाली सुकी मासोळी विकायला बसायची, माय तिच्याचकडून घ्यायची. तिनं त्या दिवशी टोपली मांडली एवढाच तिचा गुन्हा. तिचं कपाळ फुटलं होतं आणि ती मातीतून मासोळ्या वेचत होती. आम्हाला बघून तिनं हातानं खूण केली, परत जा, परत जा. मायनं बाबाला हाक मारली. पण मैदान समोर दिसत होतं, साहेबांचा हार घातलेला फोटो दिसत होता, आणि बाबाची पहिली संथ थाप पडली होती. एकदा सुरू झालेला मरणाचा ढोल थांबवत नाहीत.

मैदानात माणसंच माणसं. मंडपात गुलाबभाऊ भाषण करत होता. संथ ठेक्याकडं आधी कोणाचं लक्षच गेलं नाही. आम्ही गर्दीच्या कडेनं फोटोकडं सरकत होतो, बाया गात होत्या की आमच्या घरच्या पोराला दूर देशी मारलं, त्याला वाट दाखवा. मग ठेका चढला. बाबा डोळे मिटून वाजवत होता, त्याच्या गालांवरून पाणी गळत होतं, आणि पाय नाचत होते. मायनं मडकं उतरवलं आणि दारूची धार फोटोसमोरच्या जमिनीवर धरली. गुलाबभाऊ बोलता बोलता थांबला. त्यानं आम्हाला ओळखलं, नक्की ओळखलं, पण आमचा ढोल त्यानं जन्मात फक्त स्वागताला ऐकला होता. माइकमधून तो ओरडला, "अरे, साहेब मेले आन् थे नाचून राह्यले! लाज नाई वाटत? थांबवा रे त्याईले!" कोणीतरी किंचाळलं, "दारू पिऊन नाचून राह्यले बे!" आणि झालं.

ते कसं कसं झालं हे मला ओळीनं आठवत नाही, तुकड्यातुकड्यानं आठवतं. लाकडाच्या पट्टीनं मडकं फुटलं आणि दारूचा वास पसरला. लालसू काकानं डोक्यावर घेतलेला हात कोपराखाली भलतीकडंच वाकला, वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज झाला. त्याला खाली पाडून लोक त्याच्या बरगड्यांवर उड्या मारत होते. मोरपिसं हवेत. माझे केस कोणाच्या तरी मुठीत होते आणि मी त्याच्या मनगटाला चावले, रक्त तोंडात येईपर्यंत चावले. मी ओरडत होते, "मयताचा हाय! मयताचा ढोल हाय!" पण गोंडीतून ओरडत होते. बाबा पळू शकला असता. तो ढोलावर पालथा पडला, लेकरावर पडतात तसा. पाल उभारायची लोखंडी सळई घेऊन एक जण त्याच्या पाठीवर, मानेवर, डोक्यावर मारत राहिला. दुसऱ्यानं बाबाला पायानं उलटं केलं आणि सुरीनं ढोलाचं एक तोंड या कडेपासून त्या कडेपर्यंत फाडलं. सळईवाला तोच होता, जीपमधून आलेला रडणारा पोट्टा. तो मारतानाही रडत होता, अगदी ढसाढसा रडत होता.

आणि तेवढ्यात माइकवर गुलाबभाऊचा आवाज आला. "शांतता. शांतता. आता आपण साहेबांना दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू."

सगळं मैदान थांबलं. माझ्या केसांची मूठ सुटली. काकाच्या छातीवरचा माणूस खाली उतरला आणि हात जोडून उभा राहिला. सळईवाल्या पोट्ट्यानं सळई मांडीला टेकवली, डोळे मिटले आणि मान खाली घातली. इतक्या माणसांत एक आवाज नाही. फक्त बाबाच्या नाकातून घरघर येत होती, आणि ती त्या शांततेत मंडपापर्यंत जात असणार. मी वर बघितलं. एकाही माणसाचे डोळे उघडे नव्हते. माय माझ्याआधी भानावर आली. तिनं बाबाच्या काखेत हात घातले, मी पाय धरले, कोणी काकाला ओढलं, कोणी ढोल उचलला. त्या उभ्या माणसांच्या मधून, काठ्यांच्या मधून, मिटलेल्या डोळ्यांच्या समोरून आम्ही बाबाला घेऊन गेलो. कोणीच अडवलं नाही, कारण तेव्हा कोणी हलायचं नव्हतं. आम्ही वडापाशी पोचलो तेव्हा मागून घोषणा सुरू झाल्या, अमर रहे, अमर रहे. मासोळीवाल्या म्हातारीनं स्वतःच्या कपाळाला बांधलेली पदराची चिंधी सोडून बाबाच्या डोक्याला बांधली.

आजही कुठं दोन मिनिटांसाठी उभं राहायची वेळ आली की मी डोळे मिटत नाही. नोकरीत असताना आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाई एकदा रागावल्या होत्या, की सिस्टर, तुम्ही सगळ्यांच्या तोंडाकडं काय बघत राहता? मी म्हटलं, बाई, सवय आहे. दुसरं काय सांगणार!

दवाखाना दुखवट्यामुळं बंद होता. आम्ही बाबाला खाटेवर घालून गावी आणलं. तो काही दिवस जगला. माय त्याच्या ओठांना आंबीलीचं पाणी लावायची, तो कधी ओळखायचा, कधी नाही. एका दुपारी तो स्पष्ट शुद्धीवर आला. चुलीवर फाटक्या तोंडाचा ढोल टांगला होता, त्याकडं बघत म्हणाला, "साहेबाचं अर्धं राह्यलं." मी म्हटलं, "राहू दे. तू गप राह्य." तो चिडला. इतक्या हालातही तो चिडला. "राहू दे काऊन? अधरात लटकून राह्यला असंन थो. आपल्या घरचा हाय." मग मायकडं वळून म्हणाला, "आधी त्याचं." आणि पहाटे तो गेला.

गावात रडारड झाली, पण ढोल निघाला नाही, कारण पोलीस आले होते. एक हवालदार आणि दोन शिपाई. बाजारातून तक्रार गेली होती की साहेबांच्या मरणाचा कोसमटोल्याच्या लोकांनी आनंद साजरा केला. हवालदार ओट्यावर बसून म्हणाला, "राष्ट्रीय दुखवटा सुरू हाय. वाजंत्री, नाचगाणं, सगळं बंद. ढोल वाजला तं उचलून नेईन." माय बाबाच्या प्रेताशेजारून उठली. तिचे केस मोकळे, हात हळदीनं भरलेले. ती त्याच्या इतकी जवळ जाऊन उभी राहिली की तो ओट्यावर मागं सरकला. "दुखवटाच करून राह्यलो ना जी," ती मोडक्या झाडीत म्हणाली. "तुमच्या साहेबाचा दुखवटा कराले गेला आन् जीव देऊन आला. आता त्याचा तरी करू द्या." हवालदारानं बाबाच्या डोक्याकडं बघितलं. शेवटी शिपायांना म्हणाला, "चला रे, नाल्याकडून पानी पिऊन येऊ," आणि निघाला. तो चांगला माणूस होता की नुसता दमलेला, मला ठाऊक नाही.

पण ढोल वाजवणार कोण? काकाचा हात बांबूच्या कामट्यांत बांधलेला, दुसरे ढोलवाले एक तर पडून किंवा जंगलात लपलेले. मायनं आढ्यावरून ढोल काढला. पहिल्यांदा तिनं त्याला सवत म्हटलं नाही. तो माझ्या गळ्यात घालत म्हणाली, "एक तोंड हाय अजून. वाजव." काका म्हणाला, "वयनी, पोरीनं हात नसते लावत." माय म्हणाली, "पोरीच्या बापाले मारलं. आता पोरगी लावन." मग काका उजवा हात कामट्यांत असल्यामुळं डाव्या हातानंच माझं मनगट धरून मला शिकवू लागला. मी मधे थाप मारली, आवाज बसका आला. त्यानं हात कडेला सरकवला. "इथी नाई. इथी." मला रडू फुटलं ते तेव्हा, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

बाबाला मातीत ठेवून आम्ही संध्याकाळी नाल्यावर गेलो. उन्हाळ्यानं नाला आटून डोहापुरता उरला होता. पलीकडच्या काठावर हवालदार आणि त्याचे शिपाई झाडाखाली बसून होते, उठले नाहीत. मी विचारलं, "कोनाचा वाजवू?" माय म्हणाली, "आयकलं नाई तुनं? आधी साहेबाचा. राह्यलेला अर्धा." माझ्या डोक्यात आग गेली. मी म्हटलं, "त्याच्यापायी बाबा मेला. त्याच्याच लोकाईनं मारला. मी नाई वाजवत त्याचा." माय गुडघाभर पाण्यात उभी होती. ती ओरडली नाही. म्हणाली, "त्यानं थोडीच मारलं? थो बी मारलेलाच हाय वो. तुह्या बापावानीच. त्याचीबी माय असंन, त्याचीबी पोट्टी असंन. वाजव."

मी वाजवला. प्रेमानं नाही वाजवला, खोटं कशाला सांगू. सळईवाल्या पोट्ट्याच्या डोक्यात घालावा तसा वाजवला, गुलाबभाऊच्या तोंडावर मारावा तसा. जलद भागाला राग चालतो हे मला त्या दिवशी कळलं. हाताची कातडी सोलली, तरी माय पाण्यात हात घालून साहेबांना नावानं हाक मारतच होती, "ये बापा, घरी चाल, ये." किती तरी वेळ काहीच आलं नाही. मग तिच्या बोटाला एक खेकडा लटकला, लहानसा, पण असा चावलेला की ती "अग बाई गं" म्हणून ओरडली. काका एवढ्या दुःखात हसला. "हाच थो. हाच साहेब. सोडून नाई देत." मायनं त्याला गडग्यात घातलं. मग मी बाबाचा ढोल वाजवला, संथ भागापासून सगळा. तिनं "चैतू" म्हणून एकदाच हाक मारली असेल, तर मासोळी तिच्या ओंजळीत आयती शिरली. माय म्हणाली, "जिता असता तं तेल चोळाच्या नादात आलाच नसता." आणि मग ती त्या पाण्यात बसली आणि मोठ्यानं रडली.

परवा टीव्हीवर कुठल्याशा देशाच्या मारलेल्या पुढाऱ्याची मिरवणूक दाखवत होते. तोफा, घोडे, उतरवलेला झेंडा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाखो माणसं. आमच्या साहेबांचंही दिल्लीत असंच सगळं झालं असणार, बाजारच्या लोकांनी सांगितलं होतं. मी तोफा बघत बसले आणि मला आमचं ते घर आठवलं. मायनं गडगं देवाजवळ ठेवलं आणि त्याच्यापुढं दोन द्रोण मांडले. बाबाच्या द्रोणात आंबील आणि भाजलेली मासोळी वाढली. दुसऱ्या द्रोणावर तिचा हात थांबला. मला विचारते, "काऊन वो, साहेबाले आंबट चालत असंन काय?" मी तोंड फिरवून बसले. तिनं थोडी आंबील वाढली, वर चिमूटभर गूळ टाकला, आणि द्रोण बाबाच्या द्रोणाला लागून सरकवला. ज्या माणसासाठी सगळा देश रडत होता, तो त्या रात्री आमच्या घरी जेवला.